पेनेट्टाची गोष्ट मुलीला सांगा, पण २०१३ चा जून वगळू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. मुलगी सोळा वर्षांची, मनगटाचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत, आणि कुणीतरी तिला सांगितलंय की इटलीची टेनिसपटू फ्लाविया पेनेट्टा असंच ऑपरेशन करून परत आली आणि यूएस ओपन जिंकली. आता ती पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेचा हट्ट धरून बसली आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच चाललं होतं, हट्टाला दिलेलं उदाहरणसुद्धा हेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, कोचही नाही, फक्त बाप आहे. व्यायाम, शेक, फिजिओ हे तुमचं चालूच असेल, त्यात शिरत नाही.

सगळ्यांना आठवतो तो २०१५ चा सप्टेंबर. पेनेट्टा ३३ वर्षांची, २६ वं मानांकन, ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, खेळण्याची कारकिर्दीतली ४९ वी वेळ. उपांत्यपूर्व फेरीत क्विटोव्हाविरुद्ध पहिला सेट गमावून जिंकली, मग हालेपला ६-१, ६-३ असं हरवलं. अंतिम सामन्यात समोर रोबेर्ता विंची, जिने आदल्या दिवशी सेरेनाला घरी पाठवलं होतं. एक ब्रिंदिसीची, दुसरी तारांतोची. दोन्ही गावं इटलीच्या एकाच टोकाला, पुलियात, आणि दोघींची ओळख शाळकरी वयातली. १९९९ मध्ये मुलींच्या गटातली फ्रेंच ओपन दुहेरी दोघींनी मिळून जिंकलेली. ७-६, ६-२ झाल्यावर नेटपाशी मिठी मारली ती सुटेना, आणि बक्षीस समारंभाआधी दोघी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून गप्पा मारत होत्या. मग हातात करंडक घेऊन पेनेट्टाने सांगितलं की निवृत्तीचा निर्णय महिन्याभरापूर्वीच झालाय. माझ्या मुलीने ती क्लिप किती वेळा पाहिली असेल त्याला गणती नाही.

पण ऑपरेशन २०१२ चं होतं. लंडन ऑलिंपिक खेळून झालं आणि मनगटावर शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची यूएस ओपन गेली. २०१३ च्या सुरुवातीला ती परतली, पण निकाल येईनात. क्रमवारीत फक्त मागच्या ५२ आठवड्यांचे गुण धरतात, त्यामुळे जुने गुण दर आठवड्याला गळत गेले आणि जूनमध्ये ती १६६ वर घसरली. २००९ मध्ये पहिल्या दहात गेलेली पहिली इटालियन महिला, २०११ मध्ये दुहेरीत जगात पहिली, ती १६६ वर. तेव्हा खेळणं सोडावं असं तिच्याही मनात आलं होतं. पण त्यानंतर विम्बल्डनला चौथी फेरी, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला यूएस ओपनची उपांत्य फेरी, २०१४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्स या मोठ्या स्पर्धेचं विजेतेपद. म्हणजे ऑपरेशनपासून मोठ्या करंडकापर्यंत दीड वर्ष, आणि त्या ग्रँड स्लॅमपर्यंत तीन वर्षं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही शोधलं नाही.

आमचं नुकसान झालं ते नेमकं गुणांपायी. माझ्या मुलीच्या ऑपरेशननंतर एका क्रीडा कार्यालयात विचारायला गेलो होतो, की दुखापतीच्या काळात हिच्या क्रमवारीचं काय? काउंटरवरच्या माणसाने कागद हातातही न घेता सांगितलं, ‘नंतर आणा, बघू.’ मी त्या शब्दावर विसंबलो. लेखी अर्ज दिला नाही, पोच घेतली नाही. तीन महिन्यांनी गेलो तर मुदत संपलेली, आणि ‘तुम्हाला कुणी सांगितलं थांबायला?’ असं उलट मलाच विचारलं. आजही ते वाक्य आठवलं की रक्त तापतं. गुण वाचवायचे म्हणून आम्ही सहा आठवड्यांत चार स्पर्धा खेळवल्या. चौथ्या स्पर्धेत दुसऱ्या सेटला तिने बॅकहँड मारला आणि रॅकेट डाव्या हातात घेऊन उभी राहिली. रडली नाही, काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. पुढचं अख्खं वर्ष गेलं. दोष कार्यालयाचा होता, पण स्पर्धांचे फॉर्म मी भरले होते.

तेव्हा तुमच्याकडे कुठलं कार्यालय असेल ते असो, अर्ज आजच द्या. सर्जनचं पत्र, तारीख, शिक्का, पोच. तोंडी काही ऐकून घेऊ नका. नियम बदलत असतात, त्यामुळे चालू वर्षाचा नियम स्वतः वाचा, माझ्या अनुभवावर जाऊ नका.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: पुढच्या महिन्यातली एकेरी नको. सर्जनने होकार दिला तर दुहेरीने सुरुवात करा. निम्मं कोर्ट, कमी फटके, आणि सामन्याची सवय सुटत नाही. पेनेट्टाने दुहेरीला कधी दुय्यम मानलं नाही. २०११ ची ऑस्ट्रेलियन ओपन तिने दुल्कोबरोबर जिंकली, आणि ऑपरेशननंतर २०१४ ला हिंगिसच्या जोडीने यूएस ओपनच्या अंतिम फेरीत गेली. आपल्याकडे काही पालक दुहेरीला वेळ फुकट घालवणं समजतात, मला ते अजिबात पटत नाही.

एक बारीक गोष्ट. सरावाला जुने, ओलसर, जड झालेले बॉल वापरू देऊ नका, आणि रॅकेटची तार थोडी सैल ठेवून बघा. आमच्या फिजिओने हे फार उशिरा सांगितलं.

आणि तिला गोष्टच हवी असेल तर २००९ ची यूएस ओपनची चौथी फेरी दाखवा, झ्वोनारेवाविरुद्धची. सहा मॅच पॉइंट वाचवून, म्हणजे सहा वेळा हरायला एकच गुण बाकी असताना टिकून, पेनेट्टाने दुसरा सेट टायब्रेकवर (६-६ नंतरच्या निर्णायक गेमवर) काढला आणि तिसरा ६-० घेतला. चिकाटी बघायची तर ती तिथे आहे, आणि त्यासाठी दुखऱ्या मनगटाने खेळावं लागत नाही.

माझी मुलगी आता खेळते, पण हौसेने, रविवारी. तुमच्या मुलीला नेमकं कुठल्या फटक्याला दुखतं, फोरहँड की सर्व्हिस, ते कळवा. तिला माझ्या मुलीशी बोलायचं असेल तर तेही सांगा, ती तयार आहे.