चिंचेची खबर कळवा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार ताई, मी शिरोळ तालुक्यातली, सध्या कोल्हापुरात शाहूपुरीत राहते. गेल्या वर्षी आज्जी गेली, तिची ट्रंक उघडली तर एका जुन्या खणात बांधलेली १४ पत्रं आणि ३ छोटी कार्डं निघाली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते एवढंच आम्हाला माहीत, ते घरात कधी काही बोलायचेच नाहीत. पत्रं १९४१ ची आणि १९४२ च्या सुरुवातीची आहेत, सगळी मोडीत, अक्षर एकदम सुरेख, एका सरांकडून वाचून घेतली. पण सगळी आज्जीच्या वडलांना लिहिलेली! आज्जी ही आजोबांच्या मामाचीच मुलगी, सुपारी फुटली आणि आजोबा पलटणीत गेले, लग्न १९४६ ला झालं. मला वाटलेलं काहीतरी प्रेमपत्र सापडेल, पण १४ पत्रांत आज्जीचं नाव एकदासुद्धा नाही, नुसतं ऊस, बैल, पाऊस. प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र 'विहिरीवरल्या चिंचेची खबर कळवा' असं आहे. मग मधे मोठा खंड आणि नंतर ही ३ कार्डं, त्यावर चारपाच ओळी, तीही वाकड्यातिकड्या बाळबोध अक्षरात. दोन कार्डांवर 'प्रिजोनिएरी' असं काहीतरी छापलंय आणि तिसऱ्यावर 'क्रीग्स' ने सुरू होणारा लांबलचक शब्द. पाकिटांवर २/५ महरट्टा असं आहे. आजोबा कुठं होते? आणि खरं सांगा, त्यांचं आज्जीवर प्रेम होतं का नुसतं ठरलेलं लग्न निभावलं?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि सोबत पाठवलेले फोटो तर किती वेळा बघितले त्याला हिशेब नाही. आधी आजोबा कुठं होते ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लागणार नाही.

२/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, बेळगाव ज्यांचं घर ती पलटण. ही बटालियन ११ व्या इंडियन ब्रिगेडबरोबर लिबियात तोब्रुकला होती. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं, जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेनं एका दिवसात तटबंदी फोडून बंदर घेतलं आणि साधारण ३३,००० माणसं कैद झाली, त्यात गोरे होते, दक्षिण आफ्रिकेचे होते, गुरखे होते आणि आपले मराठेही होते. तुमच्या घरच्या पत्रांतला मोठा खंड नेमका इथंच पडतो बघा. उत्तर आफ्रिकेत पकडलेले कैदी इटलीच्या ताब्यात दिले जायचे आणि बोटीनं इटलीत न्यायचे. 'प्रिजोनिएरी दी ग्वेर्रा' म्हणजे इटालियन भाषेत युद्धकैदी. हिंदुस्थानी कैद्यांचा एक मोठा कॅम्प मध्य इटलीत डोंगराच्या कुशीत आव्हेझ्झानोला होता. मग ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं, त्या गोंधळात काही कैदी डोंगरात पळाले, पण हजारोंना जर्मनांनी गाडीत घालून उत्तरेला नेलं. तिसऱ्या कार्डावरचा लांब शब्द 'क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट' असणार, म्हणजे जर्मनीतली कैद्यांची टपाल. म्हणजे तुमचे आजोबा शिरोळहून निघाले ते आफ्रिका, इटली, जर्मनी असं करत तीन वर्षं कैदेत काढून परत आले. आणि घरात कधी बोलले नाहीत. अशी माणसं आपल्या भागात गल्लोगल्ली होती, सैनिक टाकळीसारखं अख्खं गाव तर तुमच्याच तालुक्यात आहे.

आता प्रेमाचं.

तुम्ही शोधताय ते पाकिटावर तिचं नाव. ते नसणारच. सुपारी फुटलेल्या पोरीला पोरानं थेट पत्र टाकणं त्या काळी आपल्याकडं कुणी चालवून घेतलं नसतं, लग्न झालेलेसुद्धा बरेच जण बायकोला लिहायचे नाहीत, वडलांना लिहायचे आणि शेवटी 'घरी सर्वांस यथायोग्य' म्हणायचे. पहिल्या महायुद्धातली आपल्या शिपायांची पत्रं फ्रान्समधे बुलोनला इंग्रजांनी सेन्सॉर केली, त्यातल्या हजारो पत्रांचे इंग्रजी उतारे आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यातपण बरीचशी वडील, भाऊ, दोस्त यांनाच लिहिलेली आहेत. तुमच्या आजोबांनी रीत पाळली. पण मामाला लिहिलेलं पत्र मामाच्याच घरात उघडणार होतं, आणि त्या घरात ती होती! चुलीपाशी, दाराआड, कुठंतरी. ते पत्र मास्तर नाहीतर थोरला भाऊ मोठ्यानं वाचणार आणि सगळं घर ऐकणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून मी तुमच्या सरांनी उतरवून दिलेली १४ ही पत्रं पुढ्यात घेतली आणि एक काम केलं, आजोबांनी कुणाकुणाची विचारपूस केली ते लिहून काढलं. मामा, मामी, दोन मेव्हणे, शेजारची म्हातारी, पाटील, दोन्ही बैल नावानिशी, म्हशीचं रेडकू, एवढंच काय गुऱ्हाळावरचा गडीसुद्धा. अख्ख्या घरात एकच माणूस आहे जिचं नाव कुठं नाही. एवढ्या मायाळू माणसानं रेडकाची चौकशी करावी आणि जिच्याशी लग्न व्हायचंय तिची करू नये हे विसरून होत नाही ताई, ते मुद्दाम गाळलंय, आणि जी ऐकत उभी असेल तिला प्रत्येक वेळी ते कळत असणार की सगळ्यांचं नाव झालं, आता माझं यायचं, आणि तिथंच चिंच यायची.

चिंचेबद्दल तुमच्या घरातल्या थोरल्या बायकांना विचारा, आत्या असतील, मावशी असतील, त्यांना विहीर कुठली ते ठाऊक असेल. मला वाटतं पाणी भरायला जाणारी पोर आणि आत्याचा पोरगा यांची भेट व्हायला विहिरीवरच्या चिंचेएवढी सोयीची जागा दुसरी नव्हती. चिंचेची खबर म्हणजे तिची खबर. मामाला झाडाबद्दल विचारलेलं वाटावं आणि तिला बरोबर पोचावं. १९४१ च्या एका पत्रात 'चिंचेस यंदा फार दगड मारू देऊ नका' असं आहे, ते मी वाचलं आणि थोडा वेळ पुढं वाचूच शकले नाही.

अजून एक गोष्ट तुमच्याच फोटोंत आहे. मोडी पत्रांचं अक्षर सरावलेलं आहे, आधी सलग रेघ ओढून तिला अक्षरं टांगत जायची मोडीची रीत, एका झटक्यात लिहिणारा हात. कार्डांवरचं अक्षर शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचं आहे, बाळबोध, एकेक अक्षर कोरलेलं. लिपी बदलली तसा हातपण बदललाय. म्हणजे पहिली १४ पत्रं आजोबांनी दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घेतलेली, पलटणीत लिहिता येणारा एखादा असायचा आणि संध्याकाळी त्याच्याभोवती रांग लागायची. मग विचार करा, वीसबावीस वर्षांचा पोरगा, आजूबाजूला सगळे ऐकणारे, लिहिणारा समोर बसलेला, नंतर ते पत्र पलटणीतला साहेब सेन्सॉरसाठी बघणार, जागेचं नाव लिहायचं नाही म्हणून पत्त्यात नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, मग इकडं मास्तर वाचणार आणि मामा ऐकणार. दोघांच्या मधे एवढी माणसं उभी होती. त्यातनं त्यांनी एक चिंच तेवढी पलीकडं पोचवली.

आणि कैदेत गेल्यावर लिहून देणारा जवळ राहिला नसेल, तेव्हा त्यांनी स्वतः हातात पेन्सिल घेतली. कैद्यांना ठरावीक कार्डंच मिळायची, ओळी मोजून, टपाल रेड क्रॉसमार्फत फिरत फिरत महिनोन् महिने लागायचे, जिनिव्हाच्या १९२९ च्या करारानं कैद्यांच्या पत्रांना तिकीट लागायचं नाही पण दोन्ही बाजूचे सेन्सॉर वाचायचे. म्हणून त्यात 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' यापलीकडं फार काही नाही. तुम्हाला ती कार्डं कोरडी वाटली. मला उलट वाटतं, तुमच्या खणातली सगळ्यात मोठी गोष्ट ती ३ कार्डं आहेत. ती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलीत. इटलीतल्या दुसऱ्या कार्डावर खाली कोपऱ्यात, जागा संपल्यावर, 'चिंच' एवढाच शब्द आहे, पुढं खबर नाही, कळवा नाही. तुमच्या सरांनी तो उताऱ्यात घेतला नाही, बहुतेक त्यांना तो चुकून राहिलेला शब्द वाटला. फोटो मोठा करून बघा.

आज्जीनं ती पत्रं वडलांकडनं कधी आणि कशी मिळवली असतील हो? ती तिच्या नावाची नव्हती, तरी खणात बांधून ठेवली, म्हणजे ती कुणासाठी लिहिली होती हे घरात एकीला पक्कं माहीत होतं.

प्रश्न: माझ्याकडे पण आजोबांची युद्धातली पत्रं आहेत, कडा कुरतडल्यात, लॅमिनेशन करू का? (राधानगरीहून एक वाचक)

उत्तर: अजिबात करू नका दादा, हात जोडून सांगते. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक कागद कायमचा मारतात, परत सोडवता येत नाही. सेलोटेपपण नको, तो पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन निघतो. टाचण्या, रबर बँड, यूपिन आधी काढा, गंजाचे डाग पडतात. पत्रं घड्या उलगडून सपाट ठेवा, मधे साधा पांढरा कागद आणि वरनं धुतलेलं सुती कापड. राधानगरीचा पाऊस मला माहीत आहे, जून ते सप्टेंबर भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा लोखंडी ट्रंकेत तळाशी ठेवू नका, दमट धरतं, वरच्या फळीवर ठेवा आणि उघडीप पडली की सावलीत हवा द्या, उन्हात नाही. फोटो खिडकीतल्या उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवून, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे पण काढा. लोक आतलं पत्र ठेवतात आणि पाकीट फेकतात, पण शिक्का, तारीख, सेन्सॉरची खूण, पलटणीचा नंबर सगळं पाकिटावर असतं. मोडी असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा, मोडी जाणणारं माणूस तिथं भेटतं. आणि कुणी परत आलं नसेल तर त्यांचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधता येतं, फुकट आहे, फक्त नावाचं स्पेलिंग चारपाच तऱ्हेनं टाकून बघा, कारण साहेबानं जाधवचं काय केलंय ते तिथंच कळतं.

प्रश्न: ताई, मी कागलची आहे, वय २४. माझं लग्न ठरलंय, ते आर्मीत आहेत आणि सध्या यूएनच्या मिशनवर आफ्रिकेत साउथ सुदानला आहेत. व्हिडिओ कॉल लागतो पण सारखा तुटतो आणि दोन्हीकडं कुणी ना कुणी शेजारी असतंच, मनातलं बोलणंच होत नाही. मैत्रिणी म्हणतात पत्र लिही, पण आजकाल पत्र कोण लिहितं, त्यांना हसू येईल का?

उत्तर: हसणार नाहीत. पत्र खिशात ठेवता येतं आणि ड्युटीवरनं आल्यावर परत काढता येतं, तुटलेल्या कॉलचं तसं होत नाही. वर शिरोळच्या ताईंचा प्रश्न वाच बाळ, 'दोन्हीकडं कुणी ना कुणी शेजारी' ही तुझी अडचण ऐंशी वर्षांपूर्वी त्यांच्या आज्जीचीपण होती, फरक एवढाच की तुला तुझ्या हातानं त्यांच्या नावावर लिहायला कुणाची आडकाठी नाही. फौजेच्या टपालाचा पत्ता कसा लिहायचा, ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) की ९९ एपीओ, का मिशनसाठी वेगळा, ते त्यांनाच विचार आणि नंबर, हुद्दा, युनिट अक्षर न चुकता टाक. युनिट कुठं आहे, कधी हलणार हे व्हॉट्सॲपवर काय आणि पत्रात काय, लिहायचं नाही, त्यांनी सांगितलं असलं तरी.

बाकी काय लिहायचं याचा फार विचार करू नकोस. प्रेमाबिमाचे मोठे शब्द शोधत बसलीस तर कागद कोराच राहील. दूर गेलेल्या माणसाला गावाची भूक असते. गैबी चौकात आज कुणाशी भांडण झालं, ऊस तुटला का राहिला, जोतिबाच्या यात्रेहून येताना कपड्यांवरचा गुलाल अजून निघत नाही, तुझ्या आईनं त्यांच्यासाठी म्हणून तिखटाच्या चटणीचा वेगळा डबा काढून ठेवलाय, हे लिही. तारीख टाक वर. आणि तुमची दोघांचीच कुठली जागा असेल, रंकाळ्याच्या कट्ट्याचा एखादा दगड का असेना, तिची खबर शेवटी कळव.