‘सोडेना’ की ‘सोडवेना’? मोबाईलचा नाद आणि व्यसन

सोलापूरच्या विडी घरकुल भागातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. पालकसभेच्या सूचनेत त्यांनी ‘मोबाईलचे व्यसन’ असं लिहिलं, तर सहकाऱ्यांनी हरकत घेतली: व्यसन दारू-तंबाखूचं असतं, मोबाईलचा असतो तो नाद. बरोबर काय?

जिथे घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, तिथे व्यसन म्हटलं की आधी तंबाखू आठवणारच. पण शब्दाचा इतिहास मोठा आहे. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट, अधःपात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची १८ व्यसनं मोजली आहेत. त्यांत नशेचं एक. बाकीच्यांत जुगार, शिकार, दिवसा झोपणं, उगाच भटकणं, चहाड्या करणं असं सगळं येतं. म्हणजे मोबाईलला हा शब्द लावताना आपण अर्थ ताणत नाही. तो दारू-तंबाखूपुरता आपणच आखडून टाकला होता.

तरीही ‘नाद’ चुकीचा नाही, तो वेगळा आहे. भजनाचा नाद असतो, कबुतरांचा असतो, आणि तो सांगताना माणसाची मान ताठ असते. ‘चटक’ म्हणजे चव नुकती लागलेली. ‘चाळा’ हाताचा, मन भलतीकडेच असतं.

खरा फरक मला क्रियापदात दिसतो. ‘पोरगं मोबाईल सोडेना’ आणि ‘पोराला मोबाईल सोडवेना’ ही वाक्यं म्हणून पाहा. पहिल्यात पोरगं कर्ता आहे, हट्टानं धरून बसलंय. दुसऱ्यात एक ‘व’ आला आणि पोरगं ‘पोराला’ झालं. सोडायचं मनात आहे, पण जमत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. राहवत नाही, बघवत नाही, सोडवत नाही. इच्छा आणि ताकद यांच्यातली फट दाखवायला मराठीनं हे रूप घडवलंय आणि आपण ते रोज वापरतो.

मेंदूचे अभ्यासक त्याच फटीबद्दल बोलतात. ‘थांब, आता पुरे’ हे सांगण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो, आणि हा भाग पिकायला विशीचा मध्य उजाडतो. बक्षिसाकडे ओढणारी, मेंदूच्या आतल्या भागातली यंत्रणा त्याच्या आधीच जोरात असते. तिथलं डोपामाइन हे रसायन नुसतं सुख मिळाल्यावर वाढतं असं नाही. सुखाची चाहूल लागली तरी उसळतं, आणि बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसेल तर ओढ जास्तच टिकते. पुढची रील चांगली निघेल की रटाळ, हे सरकवल्याशिवाय कळत नाही. म्हणून बोट सरकत राहतं, मजा संपली तरी. मोबाईल सोडवत नाही अशा मुलांच्या मेंदूत दिसणारे फरक आधीचे की अतिवापरानं आलेले, यावर मात्र अजून वाद आहे. त्यामुळे ‘मोबाईलनं मेंदू सडतो’ असलं काही सूचनेत कृपया लिहू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच, अशा तीन खुणा. त्याही साधारण १२ महिने टिकलेल्या. रील किंवा चॅटिंगला अशी वेगळी नोंद तिथे नाही. पहिली खूण पुन्हा ‘सोडवेना’चीच आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किती तास, हा प्रश्न यादीतच नाही. सुट्टीत दिवसभर खेळून शाळा सुरू झाल्यावर फोन बाजूला ठेवणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणणं अन्याय आहे. त्याला नाद आहे, एवढंच.

तुमच्या पालकांत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पुष्कळ असणार. तेलुगूत ‘व्यसनम्’ याच अर्थानं चालतो, कन्नडमध्ये ‘चट’ म्हणतात, वाईट असेल तर ‘दुश्चट’. शब्द कळण्याची अडचण नाही. अडचण आहे ती आपल्या पोरावर शिक्का बसण्याची. म्हणून मथळ्यात व्यसन नको, असं माझं मत. ‘मुलांना मोबाईल सोडवत नाही? या, बोलू’ एवढं लिहा. सूचनेत ‘आत्मनियंत्रण’ असा जड शब्द असेल तर तोही काढा, ‘ताबा’ पुरतो. व्यसन हा शब्द समुपदेशकांसाठी राखून ठेवा. त्या तीन खुणा ज्या मुलात दिसतील, त्याच्या आई-वडिलांशी बोलताना तो त्यांनीच वापरावा.