जंगलातल्या उताराच्या सिंगलट्रॅकवर (एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटेवर) माउंटन बाइक चालवताना हात भरून येतात, काय करावं?

बहुतेकदा ब्रेक सतत दाबून धरल्यामुळे असं होतं. लिव्हरवर एकच बोट ठेवा. वळणाआधी सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करा आणि वळणात शिरताना सोडून द्या. सीट खाली, पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपर वाकलेले; वजन हातांवर नाही, पायांवर.

ओल्या मुळांना मात्र खरंच जपा. साल निघालेलं मूळ साबणासारखं निसरडं असतं. शक्यतो काटकोनात ओलांडा आणि त्यावर असताना ब्रेक अजिबात नको. तिरकं गेलात तर पुढचं चाक मुळाच्या कडेने सरकतं. समोरून कुणी चढत येत असेल तर थांबून वाट द्या, चढावर थांबून पुन्हा निघणं फार जड जातं.