पडदे, फळ्या, आरसा लावायला ३ हजारांत कोणतं ड्रिल मशीन घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: फ्लॅटमध्ये पडद्यांचे रॉड, दोन-तीन फळ्या आणि आरसा लावायचा आहे, बजेट ३ हजार. वायरचं मशीन घ्यावं की बॅटरीचं, आणि किती वॉटचं?

थेट उत्तर: वायरचं, ५०० ते ६५० वॉटचं, १३ मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल (फिरता फिरता बारीक ठोके देणारं) घ्या. चक म्हणजे बिट, म्हणजे भोक पाडणारी दांडी, पकडणारा पुढचा जबडा. त्यात वेग ट्रिगरने कमीजास्त करता यायला हवा आणि उलट फिरवायची सोयही हवी. बॉशचं जीएसबी ५५० हे या वर्गातलं सरळ उदाहरण. त्याच कंपनीचं जीएसबी ५०० आरईही चालेल, फक्त त्याचा चक १० मिमीचा आहे. घरात भोकं लागतात ६ आणि ८ मिमीची, त्यामुळे लगेच काही अडत नाही.

पण पैसे देण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. जुनं भोक किंवा खिळा काढलेली जागा असेल तर थोडं खरवडा. आधी प्लास्टरची करडी भुकटी येईल, तिच्यामागे काय येतं ते महत्त्वाचं. लाल भुकटी आली तर वीट, पांढरी आणि पिठासारखी मऊ आली तर सिपोरेक्सचे (हलके, सच्छिद्र) ब्लॉक. करडीच येत राहिली आणि टोक पुढे सरकेना, तर काँक्रीट. विटेत वर सांगितलेलं मशीन आरामात चालतं. कोकण-गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंतीतही चालतं, फक्त चिरा सच्छिद्र असल्याने गट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लास्टिकची नळी) लांब घ्यायची.

खरी अडचण नव्या टॉवरमध्ये येते. माइव्हान पद्धतीच्या इमारतीत स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक हादरे देतात, आणि त्या हादऱ्यांमागचा जोर तुमच्या हाताचा असतो. कडक काँक्रीटमध्ये तो पुरत नाही. बिट गरम होतं, टोक बोथट होतं आणि भोक १०-१५ मिमीवर अडतं. अशा भिंतींसाठी वेगळं मशीन असतं, रोटरी हॅमर. त्यात आतला पिस्टन हवेच्या दाबाने ठोका मारतो. ठोके संख्येने कमी, पण प्रत्येक ठोका जबर, त्यामुळे वरून दाबावं लागत नाही. त्याची बिटं वेगळी, खाच असलेल्या एसडीएस प्लस दांड्याची असतात. चांगल्या कंपनीचा रोटरी हॅमर तुमच्या बजेटबाहेर जाईल. तुमच्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील तर मी मशीन विकत घ्यायला सांगणार नाही. सगळ्या जागा पेन्सिलने आखून ठेवा आणि एका दिवसासाठी हॅमर भाड्याने आणा.

विटेच्या घरातही एका जागी काँक्रीट हमखास लागतं, आणि नेमका तिथेच तुमचा पडद्याचा रॉड येतो: खिडकीवरचं लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई. ते साधारण सहा इंच उंच असतं आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत थोडं आत गेलेलं असतं. ब्रॅकेट नेहमीप्रमाणे खिडकीच्या तीन-चार इंच वर घेतलं की भोक थेट त्यातच. इम्पॅक्ट ड्रिलने हे भोक होतं, पण घाई करू नका. आधी ४ मिमीचं पाडा, मग ६ मिमीने मोठं करा. दर दहा-पंधरा सेकंदांनी फिरतं बिट बाहेर काढून भुकटी झटका. ती आत साचली की बिट तिच्यातच फिरत राहतं आणि जळतं. आवाज एकदम बदलला, टोक पुढे जाईना आणि भुकटीत चकचकीत कण दिसले तर सळई लागली. जोर लावू नका, बिटाचं टोक उडतं. जागा इंचभर सरकवा.

मशीनवर हजार वाचवले तरी चालतील, बिटांवर वाचवू नका. शंभर नगांच्या सेटमधली बिटं बहुतेक वेळा लिंटेलवरच दम तोडतात. कार्बाइड टोकाची ४, ६ आणि ८ मिमीची चांगली मॅसनरी बिटं (भिंतीसाठीची) सुटी घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत ती सहज मिळतात. लाकूड-लोखंडासाठी एचएसएस बिट वेगळं. मॅसनरी बिटाने लाकूड फाटतं, आणि एचएसएस बिट भिंतीत घातलं तर एका भोकातच संपतं.

मापं अशी: ६ मिमीची गट्टी, तिला ८ नंबरचा स्क्रू, भोक ४० मिमी खोल, फ्रेम आणि हलके रॉड यावर राहतात. फळी, जड आरसा, जड पडदे यांना ८ मिमीची गट्टी, १० नंबरचा स्क्रू आणि ५५ मिमी खोली. प्लास्टरच १५-२० मिमी जाडीचं असतं आणि त्यात पकड नसते. म्हणून स्क्रू घेताना ब्रॅकेटची जाडी अधिक गट्टीची पूर्ण लांबी, असा हिशोब करा. फळी पडते ती बहुधा आखूड स्क्रूमुळे. खोलीसाठी बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा.

हातोडीचं चिन्ह असलेला मोड फक्त वीट, चिरा आणि काँक्रीटसाठी. सिपोरेक्समध्ये तो लावला तर भोक आतून फुटून मोठं होतं आणि गट्टी गोल फिरत बसते. तिथे साधा मोड आणि लांब नायलॉनची गट्टी. टाइलवर आधी चिकटपट्टी लावा, हातोडी बंद ठेवून भाल्याच्या टोकाच्या बिटाने हळू सुरुवात करा. टाइल पार झाल्यावरच मॅसनरी बिट आणि हातोडी. व्हिट्रिफाइड टाइलला मात्र डायमंड बिट आणि पाण्याचे थेंब लागतात. बिट नुसतंच धूर काढत असेल तर आधी दिशेचा खटका बघा, बऱ्याचदा मशीन उलटं फिरत असतं.

बॅटरीचं मशीन फर्निचर जोडायला छान. पण या बजेटमधलं १२ व्होल्टचं मशीन लिंटेलवर थकतं, आणि वर्षातून चारदा वापरायचं तर ऐन वेळी बॅटरी उतरलेली सापडते. ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ ही तिसरीच वस्तू आहे. ती स्क्रू पिळण्यासाठी असते, भिंतीला भोक पाडण्यासाठी नाही. ऑनलाइन नाव वाचताना इथे फसायला होतं.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक घेऊ नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच उतरतो. बाथरूममध्ये नळ आणि गीझरच्या रेषेतही नको. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या. गॉगल लावा, विशेषतः डोक्यावरचं भोक असेल तेव्हा. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस चकपासून लांब.

घेताना दुकानात मशीन रिकामं फिरवून बघा. बिट लावल्यावर त्याचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं थरथरत असेल तर चक वाकडा आहे, दुसरा नग मागा. कार्बन ब्रशजवळ (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) बारीक ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, ते चालतं. पुढे वापरात ठिणग्या वाढल्या किंवा मशीन अडखळत सुरू झालं तर ब्रश झिजले समजा. त्यांची जोडी स्वस्त मिळते, पण ती बदलून घेणं सोपं जावं म्हणून ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे तिचंच मशीन घ्या.