आईच्या पायाची जखम: मोजे आणायच्या आधी

भाऊ, घोट्याजवळची जखम तीन महिने भरत नाहीये म्हणतोस, तर बर्डीवर (नागपूरच्या बाजारात) जाऊन पाय आवळणारे टाइट मोजे लगेच आणू नको, पहिले डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी, करून घे. घोट्याचं आणि हाताचं ब्लड प्रेशर मोजून रेशो काढतात, तो ०.८ च्या खाली असला तर पायाला रक्तच कमी पोचतंय, तिथे आवळून बांधलं तर पाय धोक्यात. शुगर असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो, डॉक्टरांना सांगच.

रिपोर्ट ठीक आला, डॉक्टर हो म्हणाले, तर मोज्याचं प्रेशर हाच खरा इलाज, ड्रेसिंग फक्त ओल सांभाळतं. हळद-पावडर टाकून जखम कोरडी करू नका, माझ्या बाबांची जखम हलकी ओली राहिली तेव्हाच गुलाबी कड आत सरकताना दिसली मला.

आईला मोजा सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घाल, भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज घालून वर सरकव, सुरकुती राहिली तर दोरीसारखी रुतते. मे महिन्यात ४५ डिग्रीत बाबा वैतागायचे, मग कूलरसमोर झोपवून पाय उशांवर छातीपेक्षा उंच ठेवायचो. बोटं निळी पडली, बधिर झाली तर लगेच काढ आणि दवाखाना गाठ.