साधी, फोर बाय फोर नसलेली गाडी घेऊन जुलैमध्ये मनालीहून कुंझुम ला ही खिंड ओलांडून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात काझाला जाता येईल का?

येईल. ग्राउंड क्लिअरन्स बरा असेल आणि टायर झिजलेले नसतील तर पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडीही कुंझुम ओलांडते. पण दिशा उलटी करा असं मी आग्रहाने सांगेन. शिमल्याकडून किन्नौरमार्गे स्पितीत शिरा आणि कुंझुमवरून मनालीला उतरा.

कारण उंचीचं आहे. मनाली साधारण 2,050 मीटरवर आहे. तिथून सकाळी निघालात तर त्याच दिवशी 4,551 मीटरच्या कुंझुमवर, नाहीतर 4,250 मीटरच्या आसपासच्या चंद्रताल सरोवराशी मुक्कामाला पोहोचता. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे ही खिंड जवळजवळ पावणेतीन पट उंच! शरीराला एवढी घाई सोसत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, रात्री झोप लागत नाही, आणि असा माणूस दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसतो. सांगला, नाको, ताबो, काझा असे मुक्काम करत गेलात की उंची हळूहळू अंगवळणी पडते. शिवाय ताबोचा इसवी सन 996 मधला मठ पाहायला मिळतो. तो चुकवू नये.

काझाहून निघून खिंडीच्या अलीकडच्या लोसर गावात राहा आणि पहाट फुटताच गाडी काढा. माथ्यावर कुंझुम मातेचं मंदिर आहे. येणारी प्रत्येक गाडी मंदिराला प्रदक्षिणा घालून पुढे जाते, ट्रकवालेसुद्धा. तुम्हीही घाला. समोर चंद्रभागा रांगेची हिमशिखरं असतात, इंजिन बंद केलं की फक्त पताकांची फडफड ऐकू येते. मला हिमालयातली ही जागा सगळ्यात प्रिय आहे. पण वारा बोचरा असतो, फार वेळ रेंगाळू नका.

माथ्यावरून पलीकडच्या बातल या थांब्यापर्यंत वळणावळणाचा उतार आहे. पहिला किंवा दुसरा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय दाबून धरू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. चंद्रतालचा फाटा याच उतारावर, बातलच्या थोडा अलीकडे लागतो.

खरी परीक्षा बातल ते ग्राम्फू (इथे मनालीकडचा रस्ता मिळतो) या सुमारे 50 किलोमीटरमध्ये आहे. चंद्रा नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता बराचसा नुसता गोटे आणि वाळू आहे. ताशी दहा-पंधराच्या वर जाता येत नाही, म्हणून अख्खा दिवस हाताशी ठेवा. बातलच्या ढाब्यावर पोटभर खाऊन घ्या. पुढे छोटा दडा, छत्रू या पट्ट्यात हिमनद्यांचं पाणी नाल्यांमधून थेट रस्त्यावर येतं. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळत नाही, त्यामुळे सकाळी नाले उतरलेले असतात. ऊन चढलं की तेच नाले दुपारी फुगतात आणि दगड लोटत आणतात. म्हणून सगळे मोठे नाले शक्यतो दुपारच्या आत ओलांडा.

नाल्याशी आलात की गाडी थांबवून उतरा. पुढची गाडी किंवा बस कुठून जाते ते नीट बघा. मग पहिला गिअर आणि एकसारखा ॲक्सिलरेटर. पाण्यात असताना क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. सह्याद्रीच्या घाटांत गाडी चालवून वळणांची सवय होते, पण पाण्याखाली लपलेल्या गोट्यांची होत नाही. हाफ क्लचवर गाडी ओढत राहिलात तर क्लच जळतो, आणि लोसर ते ग्राम्फूजवळचं कोकसर या टापूत ना गॅरेज ना मोबाइलची खात्री. इंधन काझालाच पूर्ण भरा. स्टेपनी, जॅक, पंक्चर किट आणि हवा भरायचा पंप हवाच.

महिना बदलता आला तर सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडा. स्पितीत पाऊस कमी असला तरी जुलैमध्ये कुल्लू-मनालीच्या बाजूला दरडी कोसळतात. जुलै 2023 मध्ये पाऊस आणि बर्फामुळे चंद्रतालला जवळजवळ 300 पर्यटक अडकले होते. त्यांना कुंझुमवरचा बर्फ हटवून काझाच्या बाजूने बाहेर काढावं लागलं. सप्टेंबरही पूर्ण बिनधोक नाही, 2018 मध्ये महिनाअखेरीच्या बर्फवृष्टीने लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले होते. तेव्हा परतीचं तिकीट किंवा ऑफिसची तारीख ठरवताना दोन दिवस मोकळे ठेवाच, आणि निघण्याआधी काझात पोलिसांकडे किंवा मनालीहून आलेल्या चालकांकडे रस्त्याची चौकशी करा.