घोडीच्या अंगावर चमक हवी असेल तर

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणलीस, छान केलंस. पण शाम्पू-स्प्रेवर पैसे घालू नकोस. चमक पोटातून येते. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला ६-७ किलो सुका चारा लागतोच. नुसत्या कडब्यावर ठेवू नकोस, सोबत थोडा लसूणघास (ल्युसर्नचा चारा) दे. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवली की केस चकाकतात हा गैरसमज आहे, उलट पोटशूळ उठू शकतो. मिठाची चाट कायम समोर असू दे.

केसांसाठी माझा भरवसा जवसावर. मूठभर जवस उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात खळखळून उकळ, गार झालं की चंदीत मिसळ. नुसतं भिजवून कच्चं देऊ नकोस, त्यातून विष तयार होतं. कुठलाही नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढव.

खरारा, म्हणजे अंग घासणं, रोज, आणि हातात जोर हवा. आधी रबरी खराऱ्याने गोल गोल चोळ, म्हणजे कोंडा आणि गळके केस वर येतात. मग कडक ब्रशने झटक, शेवटी मऊ ब्रश केसांच्या दिशेने. हाडांवर, तोंडावर रबरी खरारा नको. खोगिराखालचा घाम मात्र त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन काढ.

आयाळीत थेट कंगवा घातलास तर केस तुटतील. बोटांना थोडं खोबरेल लाव, गुंता बोटांनीच सोडव, मग टोकाकडून वर विंचर. शेपटीसाठी बाजूला उभा राहा, मागे नाही.

एवढं करूनही केस रखरखीत राहिले, शेपूट घासत असली, तर डॉक्टरांकडून लीद तपासून घे. जंत असू शकतात.